वाफेच्या व्हॉल्व्हची जॅकेटे आणि त्यांचा दोरा: एका तेल गिरणीतील प्रकरण

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील एका सरकी तेलाच्या गिरणीत घडले आणि त्यातील पहिली चूक आमच्या शिवणकाम कारखान्याची होती. आमचा मूळ धंदा ताडपत्रीचा. खान्देशात कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आवारात उघड्यावर रचलेल्या कापसावर, मक्याच्या ढिगांवर आणि मालट्रकांवर टाकायला ताडपत्री लागते आणि दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्या मशीनना उसंत नसते. त्या वर्षी नवरात्रात गिरणीच्या देखभाल विभागाने वेगळेच काम विचारले: वाफेच्या व्हॉल्व्हवर घालायची आणि हवी तेव्हा काढता येणारी उष्णतारोधक जॅकेटे.

गिरणीत दळलेली सरकी वाफेवर तापणाऱ्या केटलीत शिजवतात आणि मग एक्सपेलरला, म्हणजे तेल पिळून काढणाऱ्या यंत्राला लावतात. बॉयलरची वाफ दर चौरस सेंटीमीटरला १० किलो दाबाची असते आणि त्या दाबाला संपृक्त वाफेचे तापमान सुमारे १८४ अंश सेल्सिअस असते. सरळ पाइपांवर काचलोकर आणि वरून अॅल्युमिनियमचा पत्रा कायमचा चढवलेला होता. व्हॉल्व्ह आणि फ्लँज, म्हणजे पाइपांचे बोल्टने आवळलेले जोड, मात्र उघडे होते, कारण ग्लँडचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती वाफ अडवणाऱ्या भागाचे, पॅकिंग बदलताना दर वेळी पत्रा फोडणे परवडत नाही. उघडा व्हॉल्व्ह दिवसरात्र उष्णता फेकत राहतो आणि त्यासाठी बॉयलरमध्ये जादा जळण घालावे लागते. शिवाय अरुंद वाटेने पोती घेऊन जाणाऱ्या माणसाच्या कोपराला चटका बसतो, आणि गिरणीच्या लोकांना जॅकेटांची घाई होती ती याच कारणाने.

एकूण ३४ जॅकेटे ठरली. त्यांपैकी २६ बॉयलरघरात आणि केटलीच्या शेडमध्ये बसायची होती, तर ८ आवारातल्या उघड्या हेडरवर, म्हणजे जिथून वाफ वेगवेगळ्या पाइपांत वाटली जाते त्या मोठ्या पाइपावर. रचना साधी होती: आतून साधे काचकापड, बाहेरून सिलिकॉनचा थर दिलेले काचकापड, मध्ये काचतंतूंची सुईने ठोकलेली गादी, आणि बांधायला पट्टे व कड्या. कापड गिरणीने पुरवले आणि त्याच्या तापमानाचा कागदही सोबत दिला. दोऱ्याबद्दल कोणी काही विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. ताडपत्रीला वापरतो तोच जाड बाँडेड, म्हणजे पीळ उलगडू नयेत म्हणून लेप देऊन चिकटवलेला पॉलिएस्टर, टेक्स १३५ चा, २२ नंबरच्या सुईतून घातला. ज्यांना टेक्सची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो: १००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे टेक्स.

हिशेब माझाच होता. पॉलिएस्टर २५५ अंशांच्या आसपास वितळतो, व्हॉल्व्ह १८४ अंशांचा आहे, म्हणजे मध्ये सत्तर अंशांची मोकळीक आहे, असे मी धरले. दिवाळीआधी जॅकेटे बसली.

साधारण सहा आठवड्यांनी गिरणीच्या फिटरचा फोन आला. तो धुळ्याकडचा, बोलणे अहिराणी. म्हणाला, “भाऊ, दोरा बठ्ठा वितळी गया, कापडले काहीच व्हयनं नही.” मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्याने केटलीच्या खालच्या व्हॉल्व्हचे जॅकेट सोडून माझ्या हातात दिले. बाहेरची शिवण जशीच्या तशी होती. आतली, म्हणजे गरम धातूला टेकणारी शिवण जागोजागी उसवली होती आणि त्या फटीतून गादीचे पांढरे तंतू बाहेर आले होते. मी एक टाका चिमटीत धरून ओढला, तर तो विडीच्या राखेसारखा बोटांत चुरा झाला.

फिटरचे निरीक्षण बरोबर होते, पण शब्द चुकीचा होता आणि त्या शब्दामुळे आम्ही भलत्याच उपायाकडे गेलो असतो. दोरा वितळला असता तर टाक्याच्या टोकाला कडक गाठ, मणी, कापडाला चिकटलेला डाग असे काही तरी दिसायला हवे होते. तसे एकही चिन्ह नव्हते. आम्ही त्या दिवशी दहाबारा जॅकेटे उघडून पाहिली, तेव्हा दोन वेगळे प्रकार दिसले. ज्या व्हॉल्व्हची ग्लँड कोरडी होती, तिथे दोरा पिवळट तपकिरी, ताठ आणि आखडलेला होता; शिवणीला चुण्या पडल्या होत्या, पण जोर लावल्याशिवाय ती तुटत नव्हती. ज्या ग्लँडमधून वाफेची बारीक गळती होती, तिथेच दोऱ्याची भुकटी झाली होती. तापमान दोन्हीकडे जवळजवळ सारखे होते. फरक होता तो ओलाव्याचा.

पॉलिएस्टर हा नावाप्रमाणे एस्टर बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्यांचा पदार्थ आहे. गरम पाणी किंवा वाफ मिळाली की हे बंध एकेक करून सुटतात, साखळ्या आखूड होतात आणि दोरा दिसायला शाबूत राहूनही आतून पोकळ झाल्यासारखा होतो. कोरड्या उष्णतेत ही क्रिया पुष्कळ सावकाश चालते, पण तिथेही दोरा सुरक्षित नसतो: ७०-८० अंशांच्या पुढे पॉलिएस्टरची रचना सैल पडू लागते, तो आखडतो आणि तापमान वाढेल तशी त्याची ताकद उतरत जाते. वितळण्याचे तापमान म्हणजे पदार्थाचा शेवट. कामाची मर्यादा त्याच्या कितीतरी अलीकडे असते, आणि ती किती अलीकडे हे तो दोरा तिथे किती तास राहणार यावर ठरते. कारखान्यातल्या इस्त्रीखालून दोन सेकंदांत जाणारा दोरा आणि हंगामभर व्हॉल्व्हला चिकटून राहणारा दोरा यांना एकच आकडा लावणे हीच माझी चूक होती. नायलॉन घेऊनही काही साधले नसते. नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना आणि नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळतो, आणि अशा तापमानात हवेतल्या ऑक्सिजनने तो लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो.

गिरणीला आम्ही सर्व ३४ जॅकेटे आमच्या खर्चाने पुन्हा शिवून देण्याचे कबूल केले. प्रश्न होता दोऱ्याचा. देखभाल विभागातील एका अभियंत्यांनी ठामपणे केव्हलर सांगितले. अमेरिकेतील डुपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये हलक्या टायरसाठी तंतू शोधताना जे द्रावण मिळवले, त्यातून हा तंतू आला. रसायनशास्त्राच्या भाषेत तो पॅरा-अॅरामिड. सारख्या वजनाच्या पोलादाच्या पाचपट ताकद, ही त्याची ख्याती सर्वांनी ऐकलेली असते. आमच्या कामाला महत्त्वाची गोष्ट वेगळी होती: तो वितळतच नाही. ४२५ अंशांच्या वर कुठे तरी त्याचे विघटन सुरू होते. १८४ अंश त्याच्या दृष्टीने फार नाहीत.

जळगावच्या बाजारात असा दोरा कोणी ठेवत नव्हते. सुरत आम्हाला रेल्वेने सोयीचे, म्हणून तिथून मागवला. पहिला माल आला तो सुरेख सोनेरी पिवळा होता. दोऱ्याचा कोन, म्हणजे शंकूसारखी गुंडी, हातात घेतल्यावर आमच्या ताई म्हणाल्या, “भाऊ, हा आपल्याच दोऱ्यासारखा लागतोय.” ताई आमच्याकडे वीस वर्षे जाड कामाचे मशीन चालवतात आणि त्यांच्या बोटांवर माझा कागदांपेक्षा अधिक विश्वास आहे. आम्ही वीतभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावली. दोरा ज्योतीपासून मागे सरकला, थेंब होऊन लोंबला आणि गार झाल्यावर टोकाला काळा, नखाने न फुटणारा मणी राहिला. तो रंगवलेला पॉलिएस्टर होता. माल परत केला आणि दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आधी नमुना मागवला. त्या तुकड्याला काडी लावली तेव्हा तो न वितळता जागच्या जागी काळा पडला, टोकाला क्षणभर निखारा दिसला आणि काडी दूर नेताच विझला. कोळसा बोटांनी चोळला तर मऊ निघाला. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि आता आम्ही प्रत्येक खोक्यातल्या निदान एका कोनावर ती करतो, कारण पिवळा रंग कोणत्याही दोऱ्याला देता येतो.

शिवताना खरी कसोटी लागली. ताईंनी कोनावरून हातभर दोरा सोडवला, दोन्ही तर्जन्यांना वेढा देऊन ओढला आणि बोटांवरचा लाल वळ मला दाखवला. पॉलिएस्टरचा दोरा तुटण्याआधी पंधरा-वीस टक्के ताणला जातो आणि हे ताणणेच शिवणाऱ्याला सांभाळून घेते: मशीनचा ताण थोडा अधिकउणा झाला, कापड जरा खेचले गेले, तरी टाका जुळवून घेतो. पॅरा-अॅरामिड जेमतेम तीन-चार टक्के ताणला जातो. पहिल्या दिवशी टाके सुटत होते, बॉबिनचा दोरा वर ओढला जात होता आणि मशीनची दोरा कापणारी पात दुसऱ्या दिवशी बोथट झाली. कात्री दोऱ्यावरून घसरे आणि टोकाला झिंज्या सोडे.

त्यावर आम्ही जे बदल केले ते तपशिलात लिहितो, कारण हे काम प्रथमच घेणाऱ्या माणसाला इथेच अडायला होते. दोरा टेक्स ९० च्या आसपासचा, म्हणजे आधीच्यापेक्षा बारीक घेतला. सारख्या जाडीला पॅरा-अॅरामिडची ताकद पॉलिएस्टरच्या दुपटीहून अधिक असल्याने यात काही गमावले नाही, उलट सुई २२ वरून १९ नंबरवर आली आणि काचकापडाला पडणारे भोक लहान झाले. काचतंतू सुईने कापला जातो, म्हणून भोके जितकी थोडी आणि बारीक तितके बरे. टाके इंचाला आठवरून सहावर आणले. वरचा ताण उतरवला, दोरा सिलिकॉनच्या पॅडमधून नेला आणि मशीनचा वेग निम्मा केला. बाँड केलेलाच दोरा घेतला, कारण बाँड नसलेल्या अॅरामिडचे पीळ सुईच्या डोळ्यापाशी उलगडतात. एवढे केल्यावर शिवण सरळ आणि घट्ट आली, पण एका जॅकेटला पूर्वी जितका वेळ लागे त्याच्या दीडपट वेळ लागू लागला.

मध्ये एक काटकसरीची कल्पना सुचली होती. लॉकस्टिचमध्ये वरचा दोरा एका अंगाला आणि बॉबिनचा दुसऱ्या अंगाला राहतो, तेव्हा आतल्या गरम अंगाला अॅरामिड आणि बाहेरच्या गार अंगाला पॉलिएस्टर घातला तर महाग दोरा निम्माच लागेल, असा विचार होता. नमुना शिवला. न ताणला जाणारा अॅरामिड सरळ रेषेत पडून राहिला आणि पॉलिएस्टर त्याच्याभोवती वेटोळी घेऊ लागला, त्यामुळे दोन्हींची गुंफण जाडीच्या मध्यात न बसता गरम अंगावर आली. पट्टी पाच-पन्नास वेळा दुमडून पाहिली तेव्हा अॅरामिडने गुंफणीतला पॉलिएस्टर करवतीसारखा झिजवलेला स्पष्ट दिसला. तो नाद तिथेच सोडला.

जानेवारीत सर्व जॅकेटे नव्या दोऱ्याने बसली. शेडमधल्या २६ जॅकेटांची हंगाम संपेपर्यंत एकही तक्रार आली नाही.

आवारातल्या आठांची गोष्ट निराळी झाली. मे महिन्यात, गिरणी वार्षिक दुरुस्तीसाठी थांबली तेव्हा फिटरने हेडरवरचे जॅकेट काढताना पट्ट्याला हिसका दिला आणि वरची कडेची शिवण वीतभर उसवली. हे ऐकून मला खरोखर धक्का बसला, कारण बाहेरच्या अंगाला उष्णता नावापुरती असते. जाऊन पाहिले तर एकाच जॅकेटवर दोन रंगांची शिवण होती. आकाशाकडे असलेल्या अंगाचा दोरा गडद तपकिरी झाला होता आणि हाताने तुटत होता. त्याच जॅकेटच्या खालच्या, जमिनीकडे तोंड असलेल्या अंगाचा दोरा पिवळाधमक आणि पूर्ण शाबूत होता. वाफ तीच, व्हॉल्व्ह तोच, दोऱ्याचा कोनही तोच. फरक फक्त उन्हाचा.

पॅरा-अॅरामिडला अतिनील किरण सोसत नाहीत. जाड दोरखंडात बाहेरचा थर किरण शोषून आतल्या तंतूंना झाकतो, म्हणून दोरखंड बराच काळ टिकतो. शिवणीचा दोरा इतका बारीक असतो की त्याला झाकायला आत काही उरतच नाही. फेब्रुवारी ते मे हे चार महिने आपल्याकडे कसे असतात हे खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तो दोऱ्याच्या दृष्टीने किरकोळ आहे. निरभ्र आकाशातून दिवसभर पडणारा उजेड किरकोळ नाही. चारशे अंशांनाही न वितळणारा दोरा उन्हाने चार महिन्यांत संपतो, ही गोष्ट पुष्कळ जणांना पटत नाही, म्हणून ते दोन रंगांचे जॅकेट मी कारखान्यात ठेवून घेतले आहे आणि दाखवतो.

या वेळी आम्ही दोरा निवडण्याआधी प्रत्येक शिवणीला नेमके काय सोसावे लागते हे व्हॉल्व्हवार लिहून काढले, जे खरे तर नवरात्रातच करायला हवे होते. कोणत्या शिवणीला धातू टेकतो, कोणती उन्हात आहे, कुठे ग्लँड गळते, कुठे जॅकेट दर महिन्याला काढून दुमडले जाते आणि कुठे कॉस्टिक सोड्याची लाइन शेजारून जाते, असे ते टिपण होते. ते पुढ्यात घेतल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली: या ३४ जॅकेटांपैकी एकाही शिवणीवर म्हणण्यासारखा भार नव्हता. पट्टे ओढताना येतो तेवढाच जोर. आम्ही ताकदीसाठी नावाजलेला दोरा घेतला होता आणि ताकदीची गरजच नव्हती.

म्हणून माझे प्रामाणिक मत असे झाले की शेडमधल्या जॅकेटांना पॅरा-अॅरामिडपेक्षा मेटा-अॅरामिड, म्हणजे नोमेक्सच्या जातीचा दोरा अधिक योग्य होता. डुपाँटने तो १९६७ च्या सुमारास बाजारात आणला. त्याची ताकद पॅरा-अॅरामिडच्या साधारण चौथाईच आहे, पण तोही वितळत नाही, त्याचे विघटन ३७० अंशांच्या आसपास सुरू होते, आणि तो चांगला ताणला जात असल्याने मशीनवर पॉलिएस्टरसारखाच चालतो. ताईंचे तीन आठवड्यांचे हाल त्यात वाचले असते. ऊन मात्र त्यालाही सोसत नाही, तेव्हा आवारासाठी त्याचा उपयोग नव्हता.

आवारातल्या आठांपैकी पाच जॅकेटांना आम्ही अॅरामिडच ठेवला आणि शिवण झाकली. कडेच्या शिवणीवर सिलिकॉनच्या कापडाची चार बोटे रुंद झालर अशी दुमडून बसवली की वरून कुठेही टाका उघडा राहू नये. झालर ज्या टाक्यांनी धरलेली आहे ते टाकेही दुमडीच्या आत येतात. ही कल्पना नवी नाही. ट्रकच्या ताडपत्रीला पावसासाठी आम्ही अशीच दुमड देत आलो आहोत, इथे ती उन्हासाठी दिली. उरलेल्या तिघांपैकी दोन गळक्या ग्लँडचे व्हॉल्व्ह होते आणि एक कॉस्टिकच्या लाइनशेजारचा. तीव्र अल्कली आणि दाबाची वाफ या दोन्ही गोष्टी अॅरामिडलाही खातात. तिथे टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा थर दिलेला काचेचा दोरा वापरला. पीटीएफई २६० अंशांपर्यंत निर्धास्त चालतो, ऊन आणि बहुतेक रसायने त्याला काही करत नाहीत, आणि आतला काचतंतू उष्णतेला दाद देत नाही. त्याचा दोष असा की काच वारंवार दुमडली की तुटते. म्हणून त्या तीन जॅकेटांना घडीच्या जागी शिवणच ठेवली नाही; घडी कापडाच्या सलग भागावर येईल अशी कापणी बदलली आणि ती काढल्यावर सपाट ठेवावीत अशी चिठ्ठी आत शिवली.

गळती तशीच ठेवून केवळ दोरा बदलणे मला पटले नव्हते आणि मी ते लेखी कळवले. गिरणीने पावसाळ्यात दोन्ही ग्लँडचे पॅकिंग बदलले. जुने पॅकिंग अॅसबेस्टॉसच्या दोरीचे निघाले. उष्णतेला टिकतो म्हणून हा तंतू आपल्याकडे वर्षानुवर्षे हाताळला गेला आणि त्याची धूळ फुप्फुसात गेल्याने होणारे आजार जीवघेणे असतात, हे माहीत असूनही फिटर ती दोरी उघड्या हातांनी उपसत होता. आम्ही त्याला पाणी मारून, तोंडाला योग्य मास्क लावून ती काढायला लावली आणि सीलबंद पिशवीत भरली. हे आमच्या कामाच्या कक्षेत नव्हते, पण पाहून गप्प बसणे शक्य नव्हते.

खर्चाचे सांगायचे तर अॅरामिडच्या एका कोनाच्या किमतीत पॉलिएस्टरचे खोके येते. तरीही एका जॅकेटच्या एकूण किमतीत दोऱ्याचा वाटा लहानच राहतो. मोठा वाटा काचकापडाचा आणि मजुरीचा असतो. ३४ जॅकेटे दोनदा शिवून देण्यात आमचा जो तोटा झाला, त्यात योग्य दोरा कित्येक वेळा आला असता. आता आमच्या दरपत्रकात दोऱ्याची वेगळी ओळ असते: जात, टेक्स, रंग आणि तो कुठे वापरायचा नाही हे. गिऱ्हाईक स्वस्त दोरा मागते तेव्हा आम्ही ती ओळ वाचून दाखवतो आणि बहुतेक जण मग जास्तीचे पैसे देतात.

पुढचा हंगाम नव्या रचनेवर पूर्ण झाला. मे महिन्यात आम्ही आवारातली आठही जॅकेटे काढून पाहिली. पाच जॅकेटांच्या झालरीखालचा दोरा पिवळाच होता. ताईंनी दोन ठिकाणी सुईने टाका उचलून ओढला, तो तुटला नाही. काचेच्या दोऱ्याचे एक जॅकेट मात्र कोणी तरी चिठ्ठी न वाचता घडी घालून पोत्यांखाली ठेवले होते आणि त्याच्या कोपऱ्यातले चार टाके तुटले होते. ते आम्ही तिथेच हाताने भरून दिले. त्याच दिवशी हेडरच्या दांड्याला तीन पट्ट्या बांधल्या, एक पॅरा-अॅरामिडची, एक मेटा-अॅरामिडची आणि एक पीटीएफई थराच्या काचेच्या दोऱ्याची, प्रत्येकीवर तारीख कोरलेला पत्र्याचा बिल्ला लावून. अर्धी पट्टी उन्हात आहे आणि अर्धी झालरीखाली. दर अमावस्येला, गिरणी बंद असते तेव्हा फिटर प्रत्येकीतून एक बोट लांबीचा तुकडा कापून आम्हाला पाठवतो आणि ताई तो साध्या ताणकाट्यावर तुटेपर्यंत ओढून आकडा वहीत लिहितात.